लग्न नेमके कोण लावते? ख्रिस्ती विवाहकल्पनेचा दोन हजार वर्षांचा प्रवास

१.
सप्टेंबर १४६९. इंग्लंडमधील नॉर्विच शहरात बिशप वॉल्टर लायहार्ट यांच्यासमोर विशीतली एक मुलगी उभी आहे. मार्जरी पॅस्टन तिचे नाव. घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, तिने गुपचूप लग्न केले आहे. चर्चमधला विधी झाला नाही, घरच्यांची अनुमती नाही. आहेत ते केवळ दोघांनी एकमेकांना दिलेले शब्द. ते शब्द नेमके कोणते होते, एवढेच बिशपांना ठरवायचे आहे. कारण त्या शब्दांवरून ती विवाहित की अविवाहित हे ठरणार आहे. (थ्रेड)

२.
मराठीत विवाहासाठी तीन क्रियापदे आहेत. आईवडील मुलीचे लग्न ‘करून देतात’, भटजी लग्न ‘लावतात’ आणि वधूवर लग्न ‘करतात’. घटना एकच, कर्ते तीन. ख्रिस्ती विवाहाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या तीन कर्त्यांमधला वाद आहे. पुढे त्यात राजसत्ता हा चौथा कर्ता सामील झाला. ‘ख्रिस्ती विवाह पहिल्यापासून असाच चालत आला आहे’ असे विधान श्रद्धावंत आणि टीकाकार दोघेही करतात. कागदपत्रे मात्र वेगळेच सांगतात.

३.
पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोकांचा सर्वमान्य असा स्वतंत्र विवाहविधी नव्हता. रोमन साम्राज्यातला ख्रिस्ती माणूस शेजाऱ्यांसारखेच लग्न करी. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांनी बिशपच्या संमतीने विवाह करावा असे सुचवले. पण विवाह वैध ठरण्याची ती अट नव्हती. रोमन कायदेपंडित उल्पियन याचे सूत्र असे की, सहवासाने नव्हे तर संमतीने विवाह घडतो. मात्र ही संमती केवळ वधूवरांची नसे. ज्या पित्याच्या अधिकाराखाली ते असत, त्याचीही ती असावी लागे.

४.
विवाहाविषयी ख्रिस्ती विचाराचा पहिला विस्तृत दस्तऐवज म्हणजे संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र. काळ इ. स. ५० ते ६० च्या दरम्यानचा. त्यात तीन गोष्टी एकत्र आढळतात. अविवाहित राहणे अधिक चांगले, असे पौल म्हणतो. पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार आहे तसाच पतीच्या देहावर पत्नीचाही आहे, असेही म्हणतो. त्या काळी हे विधान साधे नव्हते. आणि श्रद्धा न ठेवणारा जोडीदार सोडून जाऊ इच्छीत असेल तर त्याला जाऊ द्यावे, अशी मुभा देतो. ही तिसरी ओळ लक्षात ठेवावी. अठरा शतकांनी ती महाराष्ट्रातल्या एका घराच्या दारापर्यंत येणार आहे.

५.
ब्रह्मचर्य श्रेष्ठ की विवाह, हा वाद चौथ्या शतकाच्या अखेरीस पेटला. जोविनियन नावाच्या संन्याशाने दोन्हींची योग्यता समान असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा त्याला बहिष्कृत करण्यात आले. ३९३ च्या सुमारास जेरोम यांनी त्याला उत्तर देताना बायबलमधील पेरणीच्या दाखल्याचा आधार घेतला : कौमार्याला शंभरपट पीक, वैधव्याला साठपट, विवाहाला तीसपट. ऑगस्टीन यांनी मध्यममार्ग काढला. अपत्य, निष्ठा आणि अतूट बंधन अशी विवाहाची तीन ‘सुफळे’ त्यांनी सांगितली. पुढची हजार वर्षे पश्चिम युरोप याच चौकटीत विचार करत राहिला.

६.
आता ८६६ साल. नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या बल्गेरियाच्या राजाने पोप निकोलस पहिले यांना प्रश्नांची लांबलचक यादी पाठवली. त्यात विवाहविधीविषयीही विचारणा होती. पोपनी रोमची रीत वर्णिली : वाङ्निश्चय, अंगठी, चर्चमधील आशीर्वाद, डोक्यावरचे आच्छादन, मुकुट. आणि शेवटी लिहिले की, यातले काही नसले तरी पाप नाही; गरिबांना एवढे सारे परवडत नाही. वधूवरांची संमती मात्र हवीच. ती नसेल तर बाकी सगळा थाट व्यर्थ आहे.

७.
पूर्वेकडच्या ख्रिस्ती जगाने वेगळी वाट धरली. नवव्या शतकाच्या अखेरीस बायझंटाइन सम्राट लिओ सहावा याने चर्चच्या आशीर्वादाशिवाय झालेला विवाह कायदेशीर मानू नये, असा हुकूम काढला. ऑर्थोडॉक्स परंपरेत आजही धर्मगुरू वधूवरांच्या मस्तकी मुकुट ठेवतो आणि विवाहाचा संस्कार त्याच्या हातून घडतो. लॅटिन पश्चिमेत मात्र वधू आणि वर हेच या संस्काराचे कर्ते आणि धर्मगुरू हा साक्षीदार, असा विचार रुजला. एकाच धर्मात ‘लग्न लावणे’ आणि ‘लग्न करणे’ असे दोन पक्ष पडले ते येथे.

८.
बाराव्या शतकात या विचाराला कायद्याचे रूप आले. बोलोन्या येथील ग्रेशियन याने ११४० च्या सुमारास चर्चच्या नियमांचा प्रचंड संग्रह सिद्ध केला. त्याच्या मते विवाहाचा आरंभ संमतीने होतो, पूर्णता शरीरसंबंधाने. पॅरिसच्या विद्वानांनी अडचण काढली : मग मरिया आणि योसेफ यांचा विवाह अपूर्ण समजायचा काय? पीटर लाँबार्ड यांनी मांडले की, वर्तमानकाळात उच्चारलेली संमती पुरेशी आहे. ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’ असे म्हटले की विवाह झाला. ‘स्वीकारीन’ म्हटले तर तो वाङ्निश्चय.

९.
पोप अलेक्झांडर तिसरे (११५९–११८१) यांच्या निर्णयांनी हाच नियम स्थिर झाला. वर्तमानकाळातली परस्पर संमती म्हणजे विवाह. भविष्यकाळातले वचन आणि त्यानंतरचा शरीरसंबंध म्हणजेही विवाह. आईवडिलांची परवानगी, धर्मगुरू, साक्षीदार, हुंडा यांपैकी काहीही विवाहाच्या वैधतेसाठी अनिवार्य नाही. विधीशिवाय केलेले लग्न पाप ठरे, त्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागे, पण ते लग्नच राही. क्रियापदाच्या काळावर माणसाचे आयुष्य ठरवणारा असा कायदा इतिहासात विरळा.

१०.
या नियमाची धार कोणाकोणापर्यंत पोहोचली ते पाहण्यासारखे आहे. अलेक्झांडर यांच्या आधीचे पोप एड्रियन चौथे यांनी असा निर्णय दिला की, गुलामांचा आणि बांधील कुळांचा विवाह मालकाच्या विरोधालाही न जुमानता वैध राहतो. मालकाची चाकरी सुटत नसे, देह त्याच्याच ताब्यात राही. पण ‘मी हिला स्वीकारतो’ म्हणण्याचा अधिकार त्या गुलामाचा होता. सरंजामी युरोपात ज्याचे स्वतःचे असे जवळजवळ काहीच नव्हते, त्याच्या एका वाक्याला कायद्याने मान दिला.

११.
या स्वातंत्र्याची किंमतही होती. कोठारात, कुंपणाआड, खाणावळीत दोघांनीच दिलेली वचने सिद्ध कशी करायची? पुरुषाने नाकारले तर स्त्रीपाशी पुरावा काय? मध्ययुगीन चर्च-न्यायालयांच्या दप्तरांत असे दावे सतत आढळतात. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लग्नापूर्वी चर्चमध्ये जाहीर पुकारा करण्याचा नियम सर्वत्र लागू केला. त्याच परिषदेने निषिद्ध नात्यांची मर्यादा सात पिढ्यांवरून चारवर आणली. तरीही गुप्त विवाह अवैध ठरवण्यास ती धजली नाही. तसे केले असते तर संमतीचे तत्त्वच मोडले असते.

१२.
आता पुन्हा नॉर्विचला. पॅस्टन घराणे नव्याने वर आलेले. मार्जरीचे खापरपणजोबा नव्हे, तर अवघे पणजोबा क्लेमेंट साधे शेतकरी. आजोबा विल्यम न्यायाधीश झाले आणि घराणे जमीनदारांत गणले जाऊ लागले. रिचर्ड कॉल हा त्यांचा सर्वांत विश्वासू कारभारी, पण त्याचे कुटुंब फ्रॅमलिंगहॅमचे वाणी. मार्जरीच्या भावाने पत्रात संताप व्यक्त केला की, आपल्या बहिणीने तिथे मेणबत्त्या आणि मोहरी विकावी याला आपण कधीही मान्यता देणार नाही. हे सारे कळते ते पॅस्टन कुटुंबाच्या जतन झालेल्या हजाराहून अधिक पत्रे-कागदांमुळे.

१३.
दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्यात आले. रिचर्डने मार्जरीला लिहिलेले एक पत्र आज उपलब्ध आहे. देवासमोर आपण पतिपत्नी असताना वेगळे राहावे लागते याचे दुःख त्यात आहे. आपल्यात जे ठरले ते आईला स्पष्ट सांग, असा आग्रह आहे. पत्र कोणाला दाखवू नकोस, वाचताच जाळून टाक, अशी विनंतीही आहे. ते जळले नाही. पॅस्टन कुटुंबाच्या इतर कागदांबरोबर ते साडेपाचशे वर्षे टिकले.

१४.
बिशपांनी मार्जरीला प्रथम समजावले. तिचे कुळ, तिचे आप्त, त्यांचा आधार तुटला तर होणारी अप्रतिष्ठा आणि हानी यांची आठवण करून दिली. मग उच्चारलेले शब्द विचारले. तिने ते सांगितले. पुढे म्हणाली की, हे शब्द पुरेसे पक्के नसतील तर येथून जाण्यापूर्वी आणखी पक्के करते. शब्द कोणतेही असोत, आपली सदसद्विवेकबुद्धी आपल्याला बांधील मानते. नंतर रिचर्डची वेगळी चौकशी झाली, दोघांच्या सांगण्यातली वेळ आणि जागा जुळते की नाही हे पाहण्यासाठी. हा वृत्तान्त लिहिणारी व्यक्ती म्हणजे मार्जरीची आई मार्गारेट, आणि ती मुलीच्या विरुद्ध पक्षाची होती.

१५.
मार्गारेटने त्याच दिवशी मुलीला घराचे दार बंद केले. बिशपांनाच तिच्या मुक्कामाची सोय करावी लागली. बिशप त्या कुटुंबाचे परिचित, समाजातले वजन सारे पॅस्टनांकडे, तरीही विवाह रद्द करण्यास कायद्यात जागा नव्हती. विवाह वैध ठरला. रिचर्ड पुढे पुन्हा पॅस्टनांचा कारभार पाहू लागला; त्याच्यासारखा हिशेब ठेवणारा दुसरा मिळेना. मार्गारेटने १४८२ च्या मृत्युपत्रात मार्जरीच्या थोरल्या मुलाला २० पौंड ठेवले. लग्न मोडण्याची सत्ता आईपाशी नव्हती, दार बंद करण्याची होती. कायद्याने दिलेल्या हक्काची मर्यादा एवढ्यावरून स्पष्ट होते.

१६.
अर्ध्या शतकाने मार्टिन ल्यूथर आले. १३ जून १५२५ रोजी या माजी संन्याशाने काटरीना फॉन बोरा या माजी जोगिणीशी विवाह केला. ब्रह्मचर्य श्रेष्ठ ही जेरोमपासूनची उतरंड प्रॉटेस्टंट पंथाने मोडली. धर्मगुरूचे कुटुंबवत्सल घर हाच आदर्श ठरला. विवाह हा संस्कार नसून लौकिक व्यवहार आहे, असे ल्यूथर यांनी मांडले. त्यामुळे तो राज्याच्या कायद्याखाली आला. व्यभिचार किंवा परित्याग या कारणांवरून घटस्फोट आणि पुनर्विवाह शक्य झाला. १५२५ मध्येच झुरिच येथे स्वतंत्र विवाह-न्यायालय स्थापन झाले.

१७.
पण याच सुधारणेची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. गुप्त विवाह ल्यूथर यांना मुळीच मान्य नव्हते. आईवडिलांच्या नकळत दिलेले वचन रद्द समजावे, असे त्यांचे मत. अनेक प्रॉटेस्टंट प्रदेशांनी पालकांची संमती कायद्यात आणली. कॅथॉलिक फ्रान्सही मागे राहिला नाही. १५५६ मध्ये राजा हेन्री दुसरा याने असा हुकूम काढला की, तिशीच्या आतील मुलगा आणि पंचविशीच्या आतील मुलगी यांनी परवानगीविना लग्न केल्यास त्यांना वारसाहक्कातून वगळता येईल. नॉर्विचमधील चौकशी शंभर वर्षांनी यांपैकी एखाद्या प्रदेशात झाली असती, तर निकाल बहुधा आईच्या बाजूने लागला असता.

१८.
कॅथॉलिक चर्चचे उत्तर ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ट्रेंटच्या परिषदेत आले. यापुढे धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर न झालेला विवाह हा विवाहच नव्हे. फ्रेंच पक्षाला पालकांची संमतीही अनिवार्य करून हवी होती. परिषदेने ती मागणी फेटाळली. नव्या नियमालाही पन्नासहून अधिक धर्माधिकाऱ्यांनी विरोध केला. जे चर्चने शतकानुशतके वैध मानले ते आज अवैध ठरवण्याचा अधिकार चर्चला आहे काय, असा त्यांचा रोख होता. प्रत्येक धर्मगुरूने विवाहांची नोंदवही ठेवावी, हेही येथेच ठरले. पोर्तुगीज सत्तेबरोबर हे नियम गोवा आणि वसई येथे आले.

१९.
नियमात एक फट राहिली. धर्मगुरूची उपस्थिती आवश्यक होती, इच्छा नव्हे! मग त्याला अवचित गाठून दोन साक्षीदारांसमोर भराभर शब्द उच्चारण्याची युक्ती निघाली. इटालियन लेखक अलेस्सांद्रो मान्झोनी याच्या १८२७ मधील ‘वाग्दत्त वधूवर’ या अर्थाच्या विख्यात कादंबरीत नायक-नायिका असाच प्रयत्न करतात आणि तो फसतो. ही फट बुजवायला १९०७ साल उजाडले. धर्मगुरूने स्वतः संमती विचारून ती स्वीकारली पाहिजे, असा नियम त्या वर्षी रोमने केला आणि तो पुढील वर्षी अमलात आला.

२०.
चौथा कर्ता एव्हाना पुढे सरसावला होता. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्याने जाहीर पुकारा किंवा परवाना आणि चर्चमधील विधी सक्तीचा केला, म्हणून प्रेमी जोडपी सीमा ओलांडून स्कॉटलंडमधील ग्रेटना ग्रीन गाठू लागली. क्रांतिकाळातील फ्रान्सने २० सप्टेंबर १७९२ रोजी विवाहनोंदणी चर्चकडून काढून नगरपालिकेकडे दिली आणि घटस्फोटालाही मान्यता दिली. गंमत अशी की, स्कॉटलंडमध्ये केवळ परस्पर घोषणेने विवाह करण्याची पद्धत १९४० पर्यंत टिकली. बाराव्या शतकातला तो नियम रोमने १५६३ मध्ये सोडला आणि प्रॉटेस्टंट स्कॉटलंडने जपला.

२१.
विवाह कशासाठी, या प्रश्नाचे उत्तरही बदलत गेले. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथाने अपत्यप्राप्ती आणि पापापासून संरक्षण यांच्या जोडीला परस्पर साहचर्य हे तिसरे कारण सांगितले. कवी मिल्टन याने १६४३ मध्ये मनाची संगत नसणे हेच घटस्फोटाचे खरे कारण असल्याचे प्रतिपादले. कॅथॉलिक चर्चच्या १९१७ च्या संहितेत अपत्य हाच प्रधान हेतू होता. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विवाहाचे वर्णन जीवन आणि प्रेम यांची जवळीक असे केले. १९८३ च्या संहितेत प्रधान आणि गौण हेतूंची ती उतरंड राहिली नाही.

२२.
आता पौलाची ती तिसरी ओळ. युरोपबाहेर धर्मप्रसार वाढला तसा तिला नवा उपयोग सापडला. दोघांपैकी एकच ख्रिस्ती झाला तर आधीच्या लग्नाचे काय? १५८५ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी, पकडून परदेशी नेलेल्या गुलामांना मायदेशी राहिलेल्या जोडीदाराची विचारपूस करणे अशक्य असेल तर नवा विवाह करण्याची मुभा दिली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६६ चा धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास नाकारला तर न्यायालय आधी त्याला विचारणार, वर्षभर थांबणार, तरीही नकार कायम राहिला तर विवाह संपुष्टात आणणार.

२३.
१० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांचे लग्न झाले होते ते बालवयात. वडीलधाऱ्यांनी ठरवले, भटजींनी लावले. वर्तमानकाळ की भविष्यकाळ, असा प्रश्नच त्या मुलीला कोणी केला नव्हता. आता धर्म, जात, माहेर, सासर सारे एका बाजूला आणि नवरा दुसऱ्या बाजूला. १८६६ च्या कायद्याचा मार्ग टिळकांपुढे होता. त्यांनी तो स्वीकारला नाही.

२४.
काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या हिंदू असतानाच. १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हा सारा काळ त्यांनी रडकथा न करता, हसत-खिदळत, पण काहीही न लपवता सांगितला आहे. लहानपणी जे लग्न त्यांचे ‘करून दिले’ गेले होते, ते परतण्याच्या निर्णयाने त्यांनी स्वतः ‘केले’, असे म्हणता येईल. त्यासाठी नवा विधी लागला नाही.

२५.
मार्जरी आणि लक्ष्मीबाई यांच्यात चारशेहून अधिक वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे. दोघींच्या कथा जुळवून एक सिद्धान्त काढणे अन्यायाचे होईल. तरी एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. परस्पर संमतीने विवाह घडतो हे तत्त्व ख्रिस्ती परंपरेत जुने आहे. त्या संमतीला साक्षी कोण, परवानगी कोणाची, नोंद कुठे आणि न पटल्यास वाट कोणती, याची उत्तरे मात्र प्रत्येक युगाने वेगळी दिली. बहुतेक वेळा ती उत्तरे वधूला न विचारताच ठरली. म्हणून नॉर्विचमधली ती चौकशी मोलाची आहे. तिथे एका बिशपाने एका मुलीला विचारले, ‘तू काय म्हणालीस?’ आणि तिचे उत्तर न आवडूनही त्याला ते मान्य करावे लागले.

(समाप्त)